गोव्याच्या दमट हवेत छपराखाली काय भरावं आणि काय टाळावं

मार्च लागला की गोव्यातल्या घरात ताप वरून उतरतो. चिऱ्याच्या जाड भिंती दुपार सोसतात, पण उघडी स्लॅब आणि पत्रा काही सोसत नाही. एप्रिलच्या भर दुपारी लोखंडी पत्रा ६० अंशांच्या पुढे जातो आणि त्याखालची खोली रात्री दहापर्यंत धगधगते. मग सीलिंगवाला बोलावला जातो आणि तो ग्लासवूल, थर्माकोल, फॉइल, पफ पॅनल अशी नावं पुढे करतो. खोली किती थंड होईल हे सगळेच सांगतात. तो माल श्वासात गेला, भिजला किंवा पेटला तर काय होईल, हे विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. हा लेख त्या तीन प्रश्नांसाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. गोव्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि चार महिने कपडे वाळत नाहीत, तिथे उष्णतेपेक्षा ओलीचा विचार आधी करायचा. आणि जो उपाय छपराच्या वरून होतो, तो छपराखाली काही कोंबण्यापेक्षा तब्येतीला नेहमी बरा.

आधी छप्पर ओळखा

स्लॅबचं घर असेल तर खालून काही भरण्याची बहुतेक वेळा गरजच नसते. वरून पांढरा कूल रूफ रंग, चायना मोझॅक किंवा विटांचा कोबा केला की ऊन स्लॅबपर्यंत पोचण्याआधीच अडतं. घरात धागे नाहीत, फोम नाही, वास नाही. कोब्याचं वजन मात्र मोठं असतं, जुन्या स्लॅबवर तो टाकण्याआधी इंजिनिअरला दाखवा. गोव्यात गळती थांबवायला स्लॅबवर पत्र्याची शेड घालतात, तीही चांगली सावली देते. फक्त तिच्या बाजू बंद करू नका, वारा खेळू द्या.

मंगळुरी कौलांचं घर असेल तर कौलांच्या फटींतून गरम हवा आपोआप बाहेर जाते. ती वाट सीलिंग ठोकून बंद केली तर माळ्यावर उष्णता कोंडते आणि पावसाळ्यात वासे-रिपा वाळत नाहीत. वाळवीला एवढं पुरतं. कौलाखाली काही करायचंच असेल तर कौल आणि नवा थर यांच्यात मोकळी जागा ठेवा, आणि वाशांची टोकं डोळ्यांना दिसत राहतील असं बघा.

खरी अडचण सरळ पत्र्याखाली राहणाऱ्यांची. भाड्याच्या खोल्या, दुकानाच्या मागचं घर, स्लॅबवर चढवलेली खोली. इथे खालून थर द्यावाच लागतो आणि पुढचं बरंचसं त्यांच्यासाठी आहे. पण काम सुरू करण्याआधी एक गोष्ट बघा: पत्रा लोखंडाचा आहे की सिमेंटचा?

जुने सिमेंटचे पत्रे

राखाडी, नागमोडी, वर शेवाळ चढलेले सिमेंटचे पत्रे पेडण्यापासून काणकोणापर्यंत हजारो घरांवर आहेत. जुन्या पत्र्यांत अ‍ॅस्बेस्टॉसचे धागे असण्याची शक्यता मोठी आहे. भारतात अ‍ॅस्बेस्टॉसच्या खाणी बंद पडल्या, पण पांढऱ्या अ‍ॅस्बेस्टॉसची आयात चालू आहे आणि तो मुख्यतः या पत्र्यांतच जातो. अ‍ॅस्बेस्टॉसच्या सगळ्या प्रकारांनी माणसाला कर्करोग होतो, यात शास्त्रज्ञांना शंका उरलेली नाही. फुफ्फुसाचा कर्करोग, छातीच्या आवरणाचा मेसोथेलिओमा आणि फुफ्फुस आवळत नेणारा अ‍ॅस्बेस्टोसिस, हे आजार धूळ श्वासात गेल्यावर वीस ते चाळीस वर्षांनी दिसतात. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये या उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी चाळीस वर्षं जपायला सांगितलं, ते याचसाठी. आज खोकला आला नाही म्हणून पत्रा निर्धोक, असं होत नाही.

डोळ्यांनी बघून अ‍ॅस्बेस्टॉस आहे की नाही ते कळत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. म्हणून जुना सिमेंटचा पत्रा अ‍ॅस्बेस्टॉसचाच आहे असं धरून चाला, आणि नमुना म्हणून तुकडा मोडू नका.

घाबरून लगेच काढून टाकायचीही गरज नाही. धड, न तुटलेला पत्रा जागच्या जागी असेल तर धागे सिमेंटमध्ये पकडलेले असतात. ते सुटतात पत्रा मोडला, कापला, ड्रिल केला, घासला की. आणि घासण्याचं काम आपल्याकडे दर मे महिन्यात होतं. पावसाच्या आधी कुणीतरी वर चढतं, तारेच्या ब्रशने शेवाळ खरवडतं, केरसुणीने खाली लोटतं. खाली अंगणात पापड वाळत असतात, पोरं खेळत असतात. ही पद्धत आजपासून बंद करा. प्रेशर पंपाने धुणंही तितकंच वाईट, कारण जीर्ण पृष्ठभाग त्याने उखडतो. शेवाळ तसंच राहिलं तरी चालेल. फारच झालं तर भरपूर पाण्याने भिजवून मऊ फडक्याने काढा आणि वर चांगला बाह्य रंग द्या. रंगाने धागेही दाबून राहतात आणि पांढरा असेल तर उष्णताही कमी होते.

नारळ पडून किंवा माकडांनी उड्या मारून पत्रा फुटला असेल तर मात्र तो बदलायलाच हवा. तेव्हा क्रम असा ठेवा. घरातली माणसं, भांडीकुंडी आणि कुत्रं-मांजर बाहेर. खोलीत उरलेल्या सामानावर प्लास्टिक. पाण्यात थोडं भांड्यांचं साबण घालून पत्रा वरून आणि खालून नीट भिजवा आणि काम संपेपर्यंत ओला ठेवा. हुकांचे नट गंजलेले असतात, ते तेल घालून सोडवा किंवा लोखंड कापा. पत्रा फोडून हुक मोकळा करायचा नाही. अख्खा पत्रा दोघांनी हातात धरून खाली द्या, वरून टाकू नका. साधा कापडी मास्क इथे काहीच उपयोगाचा नाही. एन-९५ सुद्धा अपुरा पडतो, रबरी अर्धा मास्क आणि पी-१०० किंवा पी-३ दर्जाचे फिल्टर हवेत. तुकडे जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळून चिकटपट्टी लावा, वर ‘अ‍ॅस्बेस्टॉस’ असं लिहा. शेताच्या बांधावर, वाटेच्या खड्ड्यात किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर ते तुकडे जाता कामा नयेत. काम काढण्याआधीच पंचायतीला आणि गोवा कचरा व्यवस्थापन महामंडळाला लेखी विचारून ठेवा. धोकादायक कचऱ्याचा सामायिक प्रकल्प सत्तरीत पिसुर्ल्याला आहे, तिथे माल कसा पोचवायचा ते महामंडळच सांगेल.

आणखी एक, आणि हे धाग्यांपेक्षा झटकन जीव घेतं: सिमेंटचा जुना पत्रा माणसाचं वजन पेलत नाही. त्यावर थेट पाय ठेवून दरवर्षी माणसं खाली कोसळतात. वाशांवर आडव्या फळ्या टाकून, त्यावरूनच सरकायचं.

नवा सिमेंटचा पत्रा घेणार असाल तर दुकानात अ‍ॅस्बेस्टॉसविरहित माल मागा आणि बिलावर तसं लिहून घ्या.

कुठला माल घ्यायचा

ग्लासवूल आणि रॉकवूल, म्हणजे काचेची आणि दगडाची लोकर, या दोघांबद्दल लोकांच्या मनात अ‍ॅस्बेस्टॉसचीच भीती असते. ती जरा जास्त आहे. आयएआरसी ही जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था आहे. तिने १९८८ मध्ये या लोकरींना संशयितांत धरलं होतं. २००१ मध्ये पुन्हा पुरावा तपासून घरात वापरायच्या काचेच्या आणि दगडाच्या लोकरीला तिने तिसऱ्या गटात टाकलं, म्हणजे कर्करोगाशी संबंध ठरवण्याइतका पुरावा नाही. भट्ट्यांना लावतात ती सिरॅमिक लोकर मात्र संशयितांतच राहिली, भंगारातून ती स्वस्तात मिळाली तरी घरात आणू नका. साध्या ग्लासवूलचा त्रास वेगळा आहे: कातडी चरचरते, डोळे लाल होतात, घशात खवखव, आणि दमा असलेल्याला धाप. उन्हाची तिरीप येते तिथे गुंडाळी एकदा झटकून बघा, हवेत चमचमणारे बारीक तुसे तुम्हाला दिसतील, आणि ते बराच वेळ खाली बसत नाहीत. म्हणून सुटी लोकर नको. दोन्ही बाजूंनी फॉइल किंवा प्लास्टिकच्या पिशवीत शिवलेली घ्या आणि कापलेल्या कडा टेपने बंद करा. लोकर बांधायला वापरतात त्या राळेत फॉर्माल्डिहाइड असतं. ते नसलेला मालही आता मिळतो, विचारून घ्या.

या लोकरीचा मोठा गुण म्हणजे ती पेटत नाही. मोठा अवगुण, ती पाणी पिते. गळत्या पत्र्याखालचं सीलिंग ऑगस्टमध्ये उघडलं की काय दिसतं ते सांगतो. पांढरी गुंडाळी काळपट झालेली, बसून अर्ध्या जाडीची, हाताने दाबली तर पाणी गळतं. जिप्समच्या पाठीवर काळे-हिरवे ठिपके, आणि कोपऱ्यात लोकर कुरतडून केलेलं उंदराचं घरटं. अशी लोकर वाळवून परत वापरायची नसते, टाकायची असते. भिजलेल्या वस्तूवर बुरशी एक-दोन दिवसांत धरते, आणि घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर तिचा त्रास धाग्यांपेक्षा जास्त.

थर्माकोल स्वस्त आहे, पाणी पीत नाही, धाग्यांचा त्रास नाही. पण साधारण ८० अंशांच्या पुढे त्याचा आकार बिघडू लागतो, आणि आगीत ते वितळून पेटते थेंब खाली टाकतं, सोबत दाट काळा धूर. त्यात आग मंदावायला एचबीसीडी हे रसायन घालत असत. ते शरीरात आणि पाण्यात साठून राहतं म्हणून २०१३ मध्ये स्टॉकहोम करारात त्यावर बंदी ठरली आणि भारताने २०१८ च्या नियमांनी ते बंद केलं. त्यामुळे जुन्या मोडतोडीतलं, शीतगृहातून निघालेलं थर्माकोल घरात बसवू नका आणि जाळू तर मुळीच नका. मुंग्या आणि वाळवी त्यात आरामात बोगदे करतात, हेही लक्षात असू द्या.

पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये पॉलियुरेथेन फोम, हे नव्या छपरासाठी माझ्या पसंतीचं आहे. फोम बंद असतो, पाणी शिरत नाही, घरात काही उडत नाही. कापलेल्या कडा मात्र पत्र्याच्या पट्टीने झाकलेल्या हव्यात, कारण उघडा फोम पेटला तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही सोडतो.

तोच फोम जागेवर फवारून देणारे मात्र तपासून घ्या. फवारताना त्यातून आयसोसायनेट हे रसायन बाहेर पडतं. ते एकदा अंगाला भिनलं की पुढे अगदी थोडं श्वासात गेलं तरी दम्याचा झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर राहते. धोकादायक प्रमाणातही त्याचा वास येईलच असं नाही. फवारणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून हवा पुरवणारा मास्क नसेल आणि त्याचा मदतनीस रुमाल बांधून उभा असेल, तर काम देऊ नका. घरच्यांनी किमान २४ तास बाहेर राहायचं आणि कंपनीच्या कागदावर जास्त लिहिलं असेल तर तेवढं. मिश्रणाचं प्रमाण चुकलं की फोम नीट घट्ट होत नाही आणि माशासारखा वास महिनोन्‌महिने येत राहतो, तेव्हा तो खरवडून काढण्याशिवाय मार्ग नसतो. राहत्या घरात आतून फवारणी मी कुणालाच सुचवत नाही.

बुडबुड्यांची चंदेरी फॉइल पत्र्याखाली ताणून लावतात. आरोग्याला तिचा काही त्रास नाही. ती किरण परतवते, म्हणून तिच्यासमोर निदान २५ मिलिमीटर मोकळी हवा लागते, पत्र्याला चिकटवली तर अर्धे पैसे वाया. मधलं प्लास्टिक पेटतं, म्हणून स्वयंपाकघरात नको. काथ्याच्या शीट आपल्या मातीतल्या आणि अंगाला निरुपद्रवी, पण कोरड्या जागीच आणि दिव्यापासून लांब.

आगीचा हिशेब

डिसेंबर २०२५ मध्ये हडफडे इथल्या नाइटक्लबच्या आगीत २५ माणसं गेली, बहुतेक धुरात गुदमरून. राहत्या घराचा प्रश्न आकाराने लहान आहे, पण धुराचं वागणं तेच. छताला लागलेली आग डोक्यावरून पसरते आणि आपल्याला कळेपर्यंत खोलीतली श्वास घेण्यासारखी हवा संपत आलेली असते. त्यामुळे कुठलाही फोम किंवा थर्माकोल खोलीत उघडा दिसता कामा नये. खाली १२.५ मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड हवा. पीव्हीसीच्या चकचकीत पट्ट्यांनी झाकलं तर ते झाकलं असं धरू नका, त्याही वितळतात आणि त्यांचा धूर झोंबरा असतो. ‘एफआर’ (आग मंदावणारा) छापलेला माल उशिरा पेट घेतो, न पेटणारा नसतो. स्वयंपाकघर, देवघर आणि इन्व्हर्टरची जागा, या तीन ठिकाणी वर फक्त रॉकवूल किंवा ग्लासवूल.

चतुर्थीचंही आत्ताच ठरवून घ्या. माटोळी, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायची लाकडी चौकट, बांधायला दरवर्षी सीलिंगमध्ये नवं भोक पाडलं जातं, वरची लोकर फाटते आणि तुसे नैवेद्याच्या पानावर पडत राहतात. सीलिंग होतानाच माटोळीचे हुक थेट स्लॅबला किंवा वाशाला कायमचे लावून घ्या.

ओल कुठून येते

परदेशी माहितीपत्रकांत लिहिलेलं असतं की वाफ अडवणारी फॉइल खोलीच्या बाजूला ठेवा. ते थंड देशांसाठी. तिथे घरातली उबदार ओली हवा बाहेर जायला बघते. आपल्याकडे एसी चालू असताना उलटं घडतं: मे-जूनमध्ये बाहेरच्या हवेचा दवबिंदू २५ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे २२-२३ अंशांवर गार केलेल्या खोलीच्या सीलिंगला बाहेरची हवा टेकली की तिथे पाणी धरतं. म्हणून गोव्यात फॉइल वरच्या, पत्र्याच्या बाजूला, आणि सगळे सांधे टेपने बंद. ही एक गोष्ट उलटी झाली की गळती नसतानाही लोकर भिजते आणि घरमालक पत्र्याला शिव्या देत राहतो.

थंडीतल्या पहाटे पत्रा रात्रभर आभाळाकडे उष्णता सोडून गार पडतो आणि त्याच्या पोटाला थेंब धरतात. ते वाहून जायला उतार आणि वाळायला वारा ठेवा. आणि मुळात गळती आधी बंद करा. नवा थर पावसाळ्याच्या आधी लावायची घाई सगळ्यांना असते. मी उलट सांगेन: पहिला जोरदार पाऊस छपरावर पडू द्या, ठिपके शोधा, दुरुस्ती करा आणि सीलिंग ऑक्टोबरनंतर बंद करा.

वायरिंग

वर काही पसरण्याआधी वायरमनला बोलवा. थराखाली गाडलेल्या वायरची उष्णता बाहेर जात नाही आणि साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतचीच असते. एसी आणि गिझरच्या वायरी पाइपातून, थराच्या बाहेरून घ्या. थर्माकोलला पीव्हीसी वायर टेकू देऊ नका, वायरमधलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोल ओढून घेतं आणि वेष्टन कडक होऊन तडकतं. सीलिंगच्या दिव्यांभोवती आणि त्यांना वीज पुरवणाऱ्या डबीभोवती (ड्रायव्हर) वीतभर जागा मोकळी ठेवा.

फॉइल वीजवाहक आहे. ऑस्ट्रेलियात २००९-१० मध्ये सरकारी योजनेतून घाईघाईने घरं इन्सुलेट करताना चार तरुण कामगार मेले, तिघे विजेच्या धक्क्याने आणि एक माळ्यावरच्या उष्णतेने. एकाने ठोकलेली धातूची पिन फॉइलमधून जिवंत वायरीत गेली होती. म्हणून मेन स्विच बंद केल्याशिवाय कुणालाही वर चढू देऊ नका. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच प्रवाह तोडणारा स्विच, घरात नसेल तर तो आधी बसवा, सीलिंग नंतर.

काम चालू असताना

मेस्त सकाळी सातला येऊ दे आणि अकराला खाली उतरू दे. दुपारी पत्र्याखाली माणूस चक्कर येऊन पडतो. पूर्ण बाह्यांचा सैल शर्ट, हातमोजे, बंद गॉगल आणि एन-९५ मास्क हे तुम्हीच आणून ठेवा. “काय होत नाही हो, रोजचं काम आमचं” हे उत्तर मिळतंच, तरी मास्क चढल्याशिवाय काम सुरू करू नका. तो घरी गेल्यावर तेच कपडे पोराला कडेवर घेतात.

लोकर कात्रीने किंवा सुरीने कापा, करवत नको. सिमेंट बोर्ड कापायचा असेल तर बाहेर, पाणी मारत, कारण त्या धुळीत फुफ्फुसात रुतणारी सिलिका असते. रबरी सोल्यूशनने काही चिकटवत असाल तर खिडक्या उघड्या हव्यात, आणि गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटलेलं नको.

झाल्यावर केरसुणी घेऊ नका, ओल्या फडक्याने पुसून काढा. अंगाला खाज असेल तर आधी चोळू नका, थंड पाणी नुसतं ओता आणि मग साबण लावा. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नका.

नंतरच्या वर्षभरात

सीलिंगला एक झाकण ठेवून घ्या आणि जुलैत एकदा, ऑक्टोबरात एकदा टॉर्च घेऊन आत बघा. डाग, कुबट वास, उंदराच्या लेंड्या, वाळवीची माती, यातलं काहीही दिसलं तर तेवढा भाग लगेच उघडा. जिप्समवर बुरशी धरली असेल तर तो तुकडा कापून टाका. टणक जागा साबणाच्या पाण्याने धुवा. ब्लीच वापरलंत तर त्यात संडास धुवायचं अ‍ॅसिड मिसळू नका, क्लोरीनचा वायू सुटतो.

मालाचं बिल, त्याबरोबर येणारं सुरक्षा माहितीपत्रक आणि वेष्टनावरच्या लेबलाचा फोटो जपून ठेवा. सुट्टीवर गावाबाहेर गेल्यावर खोकला थांबतो आणि घरी आल्यावर पुन्हा सुरू होतो, असं कुणाला होत असेल तर डॉक्टरांकडे जाताना तो फोटो दाखवा आणि छपराखाली काय, कधी बसवलं ते सांगा.